बनावट अँटीव्हायरस : घरगुती संगणकावरील संसर्गाचे स्वरूप व निर्मूलन

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराबरोबर संगणक हा मध्यमवर्गीय घराचा अविभाज्य घटक बनला. प्राध्यापकाच्या घरातील संगणकावर तर दोन जगे एकत्र नांदत असतात. एका बाजूला अर्धवट लिहिलेला प्रबंध, प्रश्नपत्रिकांचे मसुदे व अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. दुसऱ्या बाजूला मुलांचे खेळ, गाणी आणि लग्नसमारंभाची छायाचित्रे असतात. अशा संगणकावर एखाद्या संध्याकाळी अचानक लाल रंगाची चौकट उघडते. संगणकात अनेक व्हायरस सापडले असून ते काढण्यासाठी त्वरित पैसे भरून संपूर्ण आवृत्ती घ्यावी, अशा आशयाचा मजकूर तीत असतो. चौकट बंद केली तरी ती पुन्हा उघडते. घरातील लहान मूल आपल्याच हातून काही बिघडले या भीतीने गप्प बसते आणि मोठी माणसे घाईघाईने बँकेचे कार्ड हाती घेतात.

रक्षकाचा वेश घेऊन आलेला हा चोर म्हणजेच बनावट अँटीव्हायरस होय. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप, कार्यपद्धती व निर्मूलनाचा क्रम यांचे विवेचन केले आहे. निर्मूलनात कोणत्या साधनाचा वापर केला यापेक्षा कोणती कृती आधी व कोणती नंतर केली याला अधिक महत्त्व असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका

सामान्य व्हायरस स्वतःला लपवतो. बनावट अँटीव्हायरस मात्र स्वतःचे प्रदर्शन करतो, कारण त्याचा उद्देश संगणक बिघडवणे हा नसून वापरकर्त्याला घाबरवून पैसे उकळणे हा असतो. 'विनफिक्सर', 'स्पायशेरीफ', 'अँटीव्हायरस एक्सपी २००८', 'अँटीव्हायरस २००९' ही या प्रकारातील कुप्रसिद्ध नावे होत. नावात चालू वर्ष घालणे, ढालीचे चिन्ह वापरणे आणि विंडोजच्या सुरक्षा केंद्राची हुबेहूब नक्कल करणे ही त्यांची समान लक्षणे दिसून येतात.

या व्यवसायाची व्याप्ती मोठी होती. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' व संबंधितांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहकांना 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटीव्हायरस' यांसारखी उत्पादने खोट्या तपासणीच्या आधारे विकल्याचा हा आरोप होता. या प्रकरणात २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा आदेश दिला. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा फसवणुकीतून झालेल्या नुकसानीचा अंदाज १५ कोटी डॉलरहून अधिक वर्तवला होता.

हा संसर्ग केवळ संशयास्पद संकेतस्थळांवरूनच होतो, हा समज चुकीचा आहे. सप्टेंबर २००९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संकेतस्थळावर फसवणुकीने मिळवलेल्या जाहिरातीच्या जागेतून वाचकांना खोट्या तपासणीचे पान दाखवले गेले. एप्रिल २००९ मध्ये 'कॉनफिकर' या कुप्रसिद्ध वर्मच्या एका आवृत्तीने बाधित संगणकांवर 'स्पायवेअर प्रोटेक्ट २००९' आणून बसवले. मे २०११ मध्ये 'मॅक डिफेंडर'ने ॲपलच्या संगणकांचे वापरकर्तेही सुरक्षित नाहीत हे सिद्ध केले. म्हणून बाधित व्यक्तीला दोष देत बसण्यात अर्थ नाही. त्यामुळे घरातील माणसे पुढच्या वेळी घडलेली गोष्ट लपवतात, एवढेच होते.

कार्यपद्धती

या संसर्गाच्या साधारणपणे तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर ब्राउझरमध्ये तपासणी चालू असल्याचा देखावा केला जातो. प्रत्यक्षात ते निव्वळ चलचित्र असते. संकेतस्थळाचे पान घरच्या संगणकाच्या डिस्कची अशी तपासणी करू शकत नाही. म्हणूनच लिनक्स किंवा मॅक संगणकावरही अशा पानात विंडोज एक्सपीची 'सी' ड्राइव्ह तपासली जात असल्याचे दृश्य दिसत असे.

दुसऱ्या पायरीवर वापरकर्ता क्लिक करतो आणि प्रोग्रॅम संगणकात उतरतो. तो रजिस्ट्रीच्या 'रन' या नोंदीत आपले नाव घालतो, जेणेकरून संगणक सुरू होताच तोही सुरू व्हावा. तिसऱ्या पायरीवर तो स्वसंरक्षण करतो. टास्क मॅनेजर उघडू न देणे, खऱ्या अँटीव्हायरसला नावावरून ओळखून अडवणे, ब्राउझरमध्ये प्रॉक्सी घालून सुरक्षा कंपन्यांची संकेतस्थळे बंद करणे हे त्याचे नेहमीचे उपाय होत. काही प्रकार 'ईएक्सई' फाइल उघडण्याची पद्धतच बदलतात. परिणामी कोणताही प्रोग्रॅम उघडला की आधी बनावट अँटीव्हायरस चालू होतो. आणि तो अर्धवट काढून टाकला तर एकही प्रोग्रॅम उघडत नाही.

निर्मूलनाचा क्रम

१. निदान : प्रथम दिसणारी चौकट ब्राउझरमधील पान आहे की संगणकात बसलेला प्रोग्रॅम आहे, हे ठरवावे. चौकटीतील कोणत्याही बटणावर, अगदी बंद करण्याच्या फुलीवरही क्लिक करू नये. ती फुली चित्राचाच भाग असू शकते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणण्याचा पर्याय नाकारावा. एवढ्याने चौकट नाहीशी झाली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरही परतली नाही, तर बहुधा संसर्ग झालेलाच नसतो.

२. पैशांचे संरक्षण : कार्डाचा क्रमांक दिला गेला असल्यास संगणकाकडे नंतर पाहावे. दूरध्वनीवरून बँकेशी संपर्क साधून कार्ड तत्काळ बंद करावे. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा, संगणकावर शोधू नये.

३. संपर्क तोडणे : इंटरनेटची केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे. त्यामुळे आत शिरलेल्या प्रोग्रॅमला आणखी साथीदार बोलावता येत नाहीत.

४. कागदपत्रांची प्रत : दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी प्रबंध, गुणतक्ते, छायाचित्रे यांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. केवळ कागदपत्रे घ्यावीत, प्रोग्रॅम घेऊ नयेत. ही डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडताच तिची तपासणी करावी.

५. सेफ मोड : या अवस्थेत विंडोज अत्यावश्यक घटकांसह सुरू होते व बहुतेक घुसखोर झोपलेले राहतात. विंडोज एक्सपी व ७ मध्ये संगणक सुरू होताना एफ-८ कळ दाबली जात असे. विंडोज १० व ११ मध्ये शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि पुढे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जावे. डिस्क कूटबद्ध असल्यास येथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच शोधून ठेवावी.

६. घुसखोराचा शोध : कंट्रोल पॅनेलमधील स्थापित प्रोग्रॅमची यादी, टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' विभाग आणि टास्क शेड्युलर या तीन ठिकाणी पाहावे. निरर्थक अक्षरांचे नाव असलेली आणि वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरमधून चालणारी नोंद विशेष संशयास्पद समजावी. ती प्रथम निष्क्रिय करावी. खात्री नसताना रजिस्ट्रीतील नोंदी पुसणे हे रोगापेक्षा इलाज भयंकर ठरण्याचे उदाहरण होय.

७. तपासणी : खरे साधन दुसऱ्या, निरोगी संगणकावर, निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हने आणावे. ते उघडू दिले जात नसेल तर फाइलचे नाव बदलून पाहावे. अनेक घुसखोर केवळ नावावरून अडवतात, त्यामुळे ही साधी युक्ती बऱ्याचदा उपयोगी पडली आहे. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी अंगभूत आहे. तीत नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपलेल्या घुसखोराला आडोसा मिळत नाही.

८. मागे राहिलेले बदल : घुसखोर गेला तरी त्याने केलेले बदल राहतात. प्रॉक्सी, 'होस्ट्स' फाइल, ब्राउझरचे मुख्य पान व एक्स्टेन्शन्स तपासावीत. फायरवॉल आणि विंडोज अपडेट पुन्हा चालू झाले आहेत याची खात्री करावी. साफसफाईनंतर इंटरनेट चालत नसल्याची तक्रार पुष्कळदा उरलेल्या प्रॉक्सीमुळे उद्भवते.

क्रम चुकल्यास काय होते याचे उद्बोधक उदाहरण २०११ च्या सुमारास पसरलेल्या बनावट डिस्क-दुरुस्ती प्रोग्रॅमांचे आहे. हे प्रोग्रॅम हार्ड डिस्क निकामी झाल्याचा आव आणत आणि वापरकर्त्याच्या फाइल 'हिडन' करून टाकत. फाइल जागेवरच असत, पण दिसत नसत. स्टार्ट मेनूतील शॉर्टकट मात्र 'टेम्प' फोल्डरमध्ये हलवलेले असत. अशा वेळी चांगल्या हेतूने तात्पुरत्या फाइल आधी पुसणारा माणूस स्वतःच्याच हाताने ते शॉर्टकट नष्ट करीत असे. डिस्क फॉरमॅट करणाऱ्याने तर धडधाकट फाइल गमावल्या. सबब, काहीही पुसण्यापूर्वी नेमके काय घडले आहे हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

निर्मूलनाच्या मर्यादा

प्रत्येक संसर्ग काढता येतोच असे नाही. बनावट अँटीव्हायरसबरोबर कधीकधी 'रूटकिट' येते. ते कार्यप्रणालीच्या मुळाशी बसते आणि तपासणीच्या साधनालाही खोटी माहिती पुरवते. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टची 'एमएस१०-०१५' ही सुरक्षा दुरुस्ती बसवल्यावर अनेक संगणक निळ्या पडद्यावर अडकले. दोष दुरुस्तीचा असल्याचे प्रथम वाटले. परंतु ते संगणक 'अल्युरॉन' या रूटकिटने आधीच बाधित होते, असे तपासात आढळले. त्यांच्या मालकांना तोवर त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून दोन वेगवेगळ्या साधनांच्या तपासणीनंतरही लक्षणे परतत असतील, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवणे हाच विवेकी निर्णय होय. विद्यार्थ्यांचे गुण किंवा प्रश्नपत्रिका ठेवलेल्या संगणकाबाबत हा निर्णय घेण्यास विलंब करू नये. तेथे प्रश्न केवळ स्वतःच्या सोयीचा नसून इतरांनी टाकलेल्या विश्वासाचा असतो. ईमेल व बँकेचे पासवर्ड कोणत्याही परिस्थितीत निरोगी संगणकावरूनच बदलावेत.

बदललेले स्वरूप व कायदेशीर बाजू

विंडोज ८ पासून (२०१२) कार्यप्रणालीतच अँटीव्हायरस अंतर्भूत झाला. तथापि फसवणूक थांबली नाही, तिने रूप बदलले. आता ब्राउझरमधील सूचनांची परवानगी मिळवून खोटे इशारे पाठवले जातात. तेथे ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती परवानगी रद्द करणे हाच उपाय असतो. याहून घातक प्रकारात पडद्यावर दूरध्वनी क्रमांक दाखवला जातो आणि तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली दूरस्थ ताबा घेतला जातो. यात आपल्या देशाचाही संबंध येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशातील अनेक ठिकाणी झडती घेतली. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या नावाने परदेशी नागरिकांना फसवणारी कॉल सेंटरे हाही तिचा विषय होता. ताबा दिला गेला असल्यास इंटरनेट तोडून तो दूरस्थ प्रोग्रॅम काढावा आणि वरील क्रम दुसऱ्या पायरीपासून अवलंबावा.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ नुसार संगणकात अनधिकृतपणे व्हायरस घालणे दंडनीय आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-ड मध्ये संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक नुकसान झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसे पुढे वळते होण्यापूर्वी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून २०१७ पासून तपासणीची साधनेही विनामूल्य उपलब्ध करून दिली जातात.

समारोप

बनावट अँटीव्हायरसचे खरे लक्ष्य संगणक नसून त्यासमोर बसलेला माणूस असतो. भीती निर्माण करणे व विचारास वेळ न देणे एवढेच त्याचे भांडवल असते. खरा अँटीव्हायरस रोग सापडल्यावर आधी तो दूर करतो. रोग दाखवून उपचारासाठी कार्ड मागणारा प्रोग्रॅम प्रथमदर्शनीच संशयास्पद मानावा. कागदपत्रांची नियमित प्रत, अद्ययावत कार्यप्रणाली आणि दैनंदिन कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते ही त्रिसूत्री पाळल्यास बहुतांश हानी टळते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या संगणकांबाबत या त्रिसूत्रीचे महत्त्व वाढले आहे. मात्र या सर्वांइतकेच आवश्यक आहे ते घरातील मोकळे वातावरण. लाल चौकट दिसताच मुलाने किंवा आजोबांनी निःसंकोचपणे हाक मारावी, इतका विश्वास घरात असेल तर निर्मूलनाचे निम्मे काम तेथेच पूर्ण होते, असे म्हणता येईल.