कंसविभाजन (संगणकसाहाय्यित आरेखन)

कंसविभाजन म्हणजे संगणकसाहाय्यित आरेखनात वर्तुळकंस ठरावीक कोनावर तोडून त्याचे स्वतंत्र खंड करण्याची क्रिया होय. ऑटोकॅड या आज्ञावलीत त्यासाठी 'ब्रेक' ही आज्ञा वापरतात. ही आज्ञा कोन नव्हे, तर बिंदू मागते. खरी अडचण तेथेच असते. म्हणून कंसाच्या केंद्रातून इच्छित कोनात, त्रिज्येपेक्षा थोडी लांब अशी साहाय्यक रेषा काढतात आणि तिचा कंसाशी होणारा छेदनबिंदू 'ऑब्जेक्ट स्नॅप'ने पकडतात. मूळ मांडणीत कोन उजवीकडील आडव्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजले जातात. कंस निवडताना केलेली टिचकीच पहिला तोडबिंदू मानली जाते; ते टाळण्यासाठी 'फर्स्ट पॉइंट' हा पर्याय घेऊन छेदनबिंदू नव्याने द्यावा लागतो. दुसरा बिंदूही तोच दिल्यास खंडांमध्ये फट राहत नाही. पूर्ण वर्तुळ मात्र एकाच बिंदूवर तुटत नाही.

चंदगड तालुक्यातून दोडामार्गकडे उतरणाऱ्या तिलारी घाटासारख्या नागमोडी रस्त्यांच्या आराखड्यात या अचूकतेचे महत्त्व कळते. उदाहरणार्थ, १४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ६०° चा खंड १४.६६ मीटर लांब असतो. तोडबिंदू नजरेच्या अंदाजाने घेतला व कोनात केवळ १° चा फरक पडला, तरी तो बिंदू सुमारे २४ सेंटिमीटरने सरकतो. त्या बिंदूपासून मोजलेली गटाराची किंवा संरक्षक कठड्याची सुरुवातही मग जमिनीवर तेवढीच चुकते.