माणसांचा व्यापार आणि आपले कर्तव्य

उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे भगवान बुद्धांनी सांगितले आहे. शस्त्र, जीव, मांस, मद्य आणि विष यांचे ते व्यापार होत. यांतील 'सत्तवणिज्जा' या शब्दाचा अर्थ अट्ठकथेत माणसांची विक्री असा दिला आहे. लहान मुलामुलींना शरीरविक्रयासाठी विकणे हा या व्यापाराचा सर्वांत नीच प्रकार होय.

हे पाप आपल्या भागाला परके नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात जेजुरीच्या खंडोबाला मुली मुरळी म्हणून वाहण्याची प्रथा होती. नवस फेडण्यासाठी आईबापच मुलीचे देवाशी लग्न लावीत. पुढे तिला संसार नसे आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला शरीरविक्रयच येई. अशा मुलींत अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुली फार असत. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' मासिक सुरू केले आणि त्यातून या प्रथेवर प्रहार केला. मुरळीला समाजाने संसारात सन्मानाने घ्यावे, असाही त्यांचा आग्रह होता.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज आदींची सभा झाली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे कामाठीपुऱ्यातील भगिनींना तो धंदा सोडून इतर स्त्रियांप्रमाणे संसार करण्यास बजावले. प्रौढ स्त्रीला त्यांनी हा मार्ग दाखविला. परंतु अजाण मुलीला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. तिची सुटका समाजालाच करावी लागते.

आज देवाचे नाव मागे पडले, पण रीत फारशी बदललेली नाही. दलाल बहुधा ओळखीचाच असतो. तो नातलग असतो, शेजारी असतो किंवा मोबाईलवर जमलेला मित्र असतो. शहरात घरकामाची नोकरी, हुंड्याशिवाय लग्न, सिनेमात काम किंवा घेतलेली उचल फेडण्याची सवलत, ही त्याची आमिषे असतात. शिरूर-दौंड भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, वीटभट्ट्या आहेत, औद्योगिक वसाहती आहेत. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या या कुटुंबांच्या मुलींची शाळा सुटते. शाळेच्या पटावर जिचे नाव नाही, ती नाहीशी झाली तरी विचारणारा कोणी नसतो. दलाल अशाच मुली हेरतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ पासून आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. भारतीय न्याय संहितेनुसार अल्पवयीन मुलाच्या तस्करीस किमान १० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे व ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. 'मुलगी राजीखुशीने गेली' हा बचाव चालत नाही. लैंगिक गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळविणे हाही पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

मग आपण काय करावे? कामासाठी वा लग्नासाठी मुलगी बाहेरगावी जात असेल, तर नेणारा कोण, पत्ता कोणता, याची प्रत्यक्ष खात्री करावी. बालविवाह दिसताच ग्रामसेवकास कळवावे. मुलीने शाळा सोडली तर विहारातील महिला मंडळाने तिच्या घरी जावे. ग्राम बाल संरक्षण समिती केवळ कागदावर राहू देऊ नये. संशय आला तर १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. विद्यार्थ्यांनीही आपली मैत्रीण अचानक दिसेनाशी झाली, तर गप्प न बसता गुरुजींना किंवा बाईंना सांगावे.

सर्वांत कठीण कर्तव्य मात्र पुढेच आहे. सुटका झालेली मुलगी बालकल्याण समितीपुढे येते आणि एक दिवस घरी परतते. तेव्हा गाव कुजबुजते, सोयरीक मोडते, आईबाप तोंड लपवितात. घरचे दार बंद झालेल्या मुलीला पुन्हा त्याच दलालाकडे जाणे भाग पडते. मग तिला दुसऱ्यांदा विकले, ते आपणच! तिचे नाव चघळू नये. तिची ओळख उघड करणे हा गुन्हाही आहे. तिला शाळा, हातचे काम आणि विहारात आपल्या शेजारी जागा द्यावी. दोष विकणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा आहे, तिचा नाही.

आपण दररोज पंचशील ग्रहण करतो. कामभोगातील मिथ्याचारापासून अलिप्त राहण्याचे शील केवळ स्वतःपुरते पाळून भागणार नाही. शेजारच्या घरातील मुलगी विकली जात असता आपण स्वस्थ बसलो, तर ते शील अपुरेच राहील.

जयभीम! नमो बुद्धाय!