पदपथावरून घराकडे

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. यांपैकी निवारा नसेल, तर बाकीच्या दोन गरजा भागवणेही कठीण होते. ज्या कुटुंबात आई एकटीच कमावणारी असते, तेथे ही अडचण फारच मोठी असते. असे का होते आणि त्यातून वाट कशी निघते, हे मुंबईतील भायखळ्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

भायखळा, नागपाडा या भागांत हजारो माणसे पदपथावर झोपड्या बांधून राहत होती. त्यांत विधवा स्त्रिया होत्या, नवऱ्याने सोडून दिलेल्या स्त्रियाही होत्या. कोणी धुणीभांडी करी, कोणी भाजी विके, कोणी भंगार वेची. हाताला काम होते, पण पत्ता नव्हता. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, आणि रेशनकार्ड नाही म्हणून धान्य व रॉकेल महाग दराने घ्यावे लागे. बँकेत खाते उघडता येत नसे, म्हणून आजारपणात सावकाराचे दार गाठावे लागे. महानगरपालिकेची गाडी झोपडी मोडायला आली, की भांडीकुंडी, कपडे, मुलांची दप्तरेही जात. नवराबायको दोघे असले, तर एक जण सामान राखी व दुसरा कामावर जाई. एकट्या आईची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडे.

१९८१ साली ऐन पावसाळ्यात अशा झोपड्या हटवण्यात आल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पण पदपथावर घर बांधण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही स्पष्ट केले. झोपड्या हटवण्यास ३१ ऑक्टोबरपर्यंत मनाई झाली. पुढे काय, हा प्रश्न तसाच उरला.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील सुमारे ६००० कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे आज आली, उद्या जातील, असा अनेकांचा समज होता. पाहणीतून दिसले, की बहुतेक कुटुंबे अनेक वर्षे तेथेच राहत होती आणि जवळपासच्या भागात कष्ट करून पोट भरत होती.

१९८६ साली या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली. त्यांनी रोज थोडी थोडी बचत सुरू केली. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्यासाठी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. प्रत्येक रंग म्हणजे ठरावीक रक्कम. या पैशांतून औषधपाणी, शाळेची फी, हातगाडी अशा कामांसाठी लहान कर्जे मिळू लागली. कर्ज कोणाला द्यायचे, हे बायकाच मिळून ठरवत. त्यामुळे एकटी बाई खऱ्या अर्थाने एकटी राहिली नाही.

आपले घर कसे असावे, याचाही त्यांनी विचार केला. खऱ्या मापाचे नमुने उभे करून पाहिले. जागा लहान, म्हणून उंच खोली आणि वर पोटमाळा अशी योजना केली. सुमारे वीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर अनेक कुटुंबे मानखुर्द येथील पक्क्या इमारतींत राहायला गेली. तेथून भायखळ्याचे काम लांब पडले आणि गाडीभाड्याचा खर्च वाढला. पण आता दाराला कडी होती आणि मुलांच्या दप्तराला हक्काचा कोपरा होता.

आज निराधार स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. परंतु अशा योजनांच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, आणि बेघर आई नेमकी तेथेच अडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मात्र वयाचा दाखला नाही, म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट अनेक आयांना ठाऊक नसते. तुमच्या ओळखीत अशी एखादी आई असेल, तर तिला ती जरूर सांगा. अर्ज भरताना तिच्या शेजारी बसा. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला एवढी मदत सहज करता येते.