चर्चेविना मंजूर

१८ जानेवारी आली की बॅरिस्टर नाथ पै आठवतात. १९७१ साली याच तारखेला बेळगावात ते गेले, सीमाप्रश्नावर बोलून आल्यावर. वय अवघं ४८. यंदा आठवण जरा बोचलीच. नातवाने मोबाइलवर लोकसभा लावून दिली होती. गदारोळ, 'होय'चा एक आवाज, विधेयक मंजूर. माझा चहासुद्धा निवला नव्हता.

१९६२च्या ऑक्टोबरात चीन घुसला तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. औरंगाबादजवळच्या आमच्या हर्सूलमध्ये रेडिओ मोजकेच. ज्याच्या ओट्यावर तो असे, तिथे बातम्यांच्या वेळी चपलांचा ढीग पडायचा. आई हातातलं काम टाकून दाराआडून ऐकायची. आमचा खासदार काँग्रेसचा. त्याचं भाषण कुणी कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. बोलायचे ते राजापूरचे खासदार नाथ पै. त्यांचा प्रजा समाजवादी पक्ष तिबेटच्या प्रश्नापासून चीनबद्दल सावध करत होता, आणि आमचे एक मास्तर त्याला 'कोकणी वक्तृत्व' म्हणून हसायचे. ७ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपद गमावलेल्या कृष्ण मेनन यांचा मंत्रिमंडळातूनही राजीनामा झाला. त्यानंतर मास्तर महिनाभर त्या विषयावर बोलले नाहीत.

युद्ध चालू असताना ८ नोव्हेंबरला संसदेचं अधिवेशन भरलं. सीमेवर माणसं पडत होती आणि पंतप्रधान पंडित नेहरू सभागृहात बसून विरोधकांचं ऐकत होते. पुढच्या ऑगस्टात आचार्य कृपलानींनी अविश्वासाचा ठराव आणला, स्वतंत्र भारतातला पहिला. तो पडणार हे ठाऊक असूनही चर्चा झाली.

नाथ पैंची पूजा मला करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ साली, मूलभूत हक्कांतही बदल करण्याचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. संसदेवरचा तो विश्वास भाबडा होता. ते गेल्यावर तोच अधिकार २४व्या घटनादुरुस्तीने इंदिराबाईंच्या हाती आला, आणि आणीबाणीत मराठवाड्यातले विरोधक आमच्या हर्सूलच्या तुरुंगात येऊन पडले. त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून मी रोज शाळेत शिकवायला जात असे.

पुढची वर्षं भराभर उलटतो. १९९९पासून वीस वर्षं चंद्रकांत खैरे आमचे खासदार होते. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. २०१९ला इम्तियाज जलील इथून निवडून येऊन विरोधी बाकांवर गेले. त्यांचं राजकारण मला पटत नाही. पण इथल्या आरोग्यसेवेसाठी त्यांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका केली आणि स्वतः उभं राहून युक्तिवाद केला. खासदाराला दवाखान्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे मला लागलं.

सभागृहात मात्र डिसेंबर २०२२मध्ये चीनशी झालेल्या तवांगच्या झटापटीवर विरोधकांनी चर्चा मागितली, मिळाली नाही. मार्च २०२३मध्ये ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेत चर्चेविना मंजूर झाला. संरक्षण त्यातच, आरोग्यही त्यातच. जुलै २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरवर चर्चा झाली, हे कबूल. पण विशेष अधिवेशनाची मागणी बाजूला सारून, आणि अधिवेशनाचा पहिला आठवडा गोंधळात गेल्यावर.

माझ्या धाकट्या भावाला एका सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा सलाइनची सुईसुद्धा बाहेरून आणायला लावली होती. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. मतं मागायला कुणी हर्सूलला आलं, तर तुम्हीही एवढंच विचारा: अर्थसंकल्पातल्या आरोग्याच्या अनुदान मागण्यांवर सभागृहात किती मिनिटं बोललात?