वर्गाध्यापन व विषयनिवड

वर्गाध्यापन व विषयनिवड : कोणते विषय वर्गात शिकविणे फलदायी ठरते आणि कोणते स्वयंअध्ययनाने, कार्यशाळेत किंवा प्रत्यक्ष व्यवसायात शिकणे इष्ट ठरते, यासंबंधीचा विचार. ही निवड विषयाच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर तो विषय कसा आत्मसात होतो यावरून करावी लागते.

ज्या विषयात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते, त्यात चूक वेळीच दुरुस्त होणे अत्यावश्यक असते. म्हणून गणिताचे व भाषेचे प्रारंभिक शिक्षण वर्गात चांगले होते. साहित्य, नागरिकशास्त्र यांसारख्या विषयांत इतरांची मते ऐकून स्वतःचे मत तपासण्याची संधी वर्गात मिळते. रसायनशास्त्रातील प्रयोगांस साधने व देखरेख लागते. याउलट वाचनाची सवय असलेल्या प्रौढास माहितीप्रधान विषय घरी शिकता येतात. अशा विद्यार्थ्यांची सोय नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे (स्थापना १९८९) झाली.

हस्तकौशल्याचे स्वरूप निराळे आहे. भिवंडी (जि. ठाणे) व कल्याण–भिवंडी मार्गावरील कोन या परिसरातील विद्यार्थ्यास यंत्रमागाचा व्यवसाय जवळच पहावयास मिळतो. तुटलेला धागा जोडणे किंवा आवाजावरून मागातील बिघाड ओळखणे हे मागाजवळच साधते. परंतु सुताचा क्रमांक वाढला की ते बारीक का होते, ठराविक कापडास किती सूत लागेल, हे गणित फळ्यावर अधिक लवकर उमगते. केवळ मागावर शिकलेला कामगार हिशेबासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हेच शिक्षणाचे केंद्र मानणारी योजना मांडली. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. प्रत्येक विषयाची सांगड उद्योगाशी घालताना कृत्रिमता येते, असा आक्षेप तीवर घेण्यात आला. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्याची पद्धती विकसित झाली.

अयोग्य निवडीची किंमत विद्यार्थ्यासच मोजावी लागते. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांपैकी २००१–०५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी स्थगित केल्या व नंतरच्या रद्द केल्या. म्हणून एखादा विषय कोठे शिकावा हे ठरविताना त्याला सराव, संवाद, साधने व तात्काळ दुरुस्ती यांपैकी कशाची गरज आहे, हे प्रथम पहावे लागते.