लाल, पांढरा, काळा : सँटोरिनीच्या किनाऱ्यांवर अर्धा दिवस

रत्नागिरीच्या माणसाला समुद्राचे रंग नवे नाहीत. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. लहानपणापासून आपण ही नावे इतक्या सहज घेतो की एकाच गावाला दोन रंगांची वाळू कशी, हा प्रश्न कधी डोक्यात येत नाही. तो प्रश्न आम्हांला पडला तो घरापासून हजारो मैल दूर, ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर.

आम्ही सहा जण होतो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे नवरा-बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. सहलीचे खरे कारण अब्बा. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली. सुएझ कालवा ओलांडून पिरियस बंदराकडे जाताना रात्री बेटांचे दिवे दिसायचे, असे ते नेहमी सांगत. दिवे पाहिले, पाय मात्र एकाही बेटाला लागला नाही. गुडघे साथ देत आहेत तोवर त्यांना एक तरी बेट दाखवायचे, असे आम्ही ठरवले होते. शेंगेन व्हिसाचे कागद जमवण्यात बरेच दिवस गेले. पण एका सकाळी पिरियसहून फेरीबोट सुटली आणि या वेळी अब्बा प्रवासी म्हणून डेकवर उभे होते.

गाडी का केली?

सँटोरिनीचे खरे नाव थिरा. सरकारदरबारी आजही तेच वापरतात. बेट लहान आहे, क्षेत्रफळ सुमारे 76 चौरस किलोमीटर. बस चांगल्या आहेत, पण बहुतेक साऱ्या फिरा या मुख्य गावातून सुटतात आणि तिथेच परततात. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे तर पुन्हा फिऱ्याला येऊन बस बदलावी लागते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हात दोन-तीनदा हे करणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही सकाळी आठ ते एक अशी फक्त आमच्यासाठी एक गाडी केली. चालक बेटावरचाच, पन्नाशीचा, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारा. अब्बा दर्यावर्दी होते हे कळताच त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवले आणि दोघांची गट्टी जमली.

वाटेत त्याने बेटाची गोष्ट सांगितली. सँटोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचा उरलेला काठ. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. फिरा आणि ओइया ही पांढरी गावे त्या खचलेल्या खड्ड्याच्या कड्यावर बसली आहेत. चित्रांत दिसते ते हेच. पण पोहण्याजोगे किनारे तिथे नाहीत. ते बेटाच्या बाहेरच्या बाजूला, दक्षिणेला आणि पूर्वेला आहेत आणि प्रत्येकाचा रंग त्या जागी ज्वालामुखीने काय टाकले त्यावरून ठरला आहे.

लाल किनारा आणि एक पाटी

पहिला मुक्काम अक्रोतिरीजवळचा लाल किनारा. गाडीतळापासून थोडे चालले की एक टोक येते आणि तिथून तो एकदम समोर दिसतो. तांबड्या मातीचा उंच कडा, त्याच्या पायथ्याशी तांबडी-काळी खडी आणि पुढे निळे पाणी. मुलगी म्हणाली, "अब्बा, हा तर आपला जांभा!" अगदी तसा नाही. जांभा पावसाने झिजून झालेला दगड, तर हा ज्वालामुखीतून उडालेला सच्छिद्र दगड. पण रंगाचे कारण एकच. दोन्हींत लोखंड आहे आणि लोखंड गंजले की लाल होते.

टोकावर एक पाटी होती. दरड कोसळण्याचा धोका आहे, खाली जाऊ नये, असा तिचा अर्थ. पाटीच्या पलीकडून मात्र लोक खुशाल उतरत होते. खाली वाळूवर पन्नासेक माणसे पसरली होती. आमचा मुलगा चपला घट्ट करून तयारच होता.

"सगळे जातायत ना, अब्बा. दहा मिनिटांत फोटो काढून येतो."

आम्ही चालकाकडे पाहिले. तो म्हणाला, "मी कोणाला घेऊन जात नाही. तुम्हाला अडवणारा मी कोण?"

खरे सांगायचे तर आम्हां दोघांत एकमत नव्हते. एकाला वाटत होते, एवढे पैसे खर्चून एवढ्या लांब आलो, आता काठावरून परत फिरायचे? एवढी माणसे खाली आहेत, त्यांना काही होत नाही. दुसऱ्याला पाटी दिसत होती. मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. हो म्हणणे फार सोपे होते.

अब्बा कड्याकडे पाहत होते. मग मुलाला म्हणाले, "वरचा भाग बघ. खालून पोखरलाय, वर लोंबतोय. खाली पडलेले धोंडे बघ, कडा ताज्या आहेत त्यांच्या. ही दरड आहे, बाळा. तळियेच्या डोंगराखाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होतीच ना?"

2021 च्या जुलैत महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले, तो दिवस कोकणातले कोणते घर विसरेल? मुलगाही गप्प झाला. आम्ही टोकावरूनच किनारा पाहिला, फोटो काढले आणि मागे फिरलो. पोरगा गाडीत तोंड फुगवून बसला. त्याला वाटले त्याची सहल बुडाली.

सामान आवरून गेलेले गाव

लाल किनाऱ्यापासून जवळच, चालत जाण्याइतक्या अंतरावर, अक्रोतिरीचे उत्खनन आहे. अर्ध्या दिवसात ते पाहणे जमण्यासारखे नव्हते, पण चालकाने गाडी हळू केली आणि मागे वळून आमच्या मुलाशीच बोलू लागला.

1967 मध्ये स्पिरिदोन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी इथे खणायला सुरुवात केली. राखेखाली अख्खे शहर निघाले. दुमजली-तिमजली घरे, फरसबंद गल्ल्या, सांडपाण्याची गटारे, भिंतींवर रंगीत चित्रे, धान्य-तेलाचे रांजण. एक गोष्ट मात्र निघाली नाही. माणसांचे सांगाडे. इटलीतल्या पॉम्पेईत माणसे जागच्या जागी गाडली गेली, इथे तसे कोणी सापडले नाही. दागदागिनेही जवळजवळ नाहीत. स्फोटाआधी भूकंप झाले होते. पडझड आवरायला सुरुवात केल्याच्या खुणा आहेत. मग लोक किमती सामान घेऊन निघून गेले आणि त्यानंतर डोंगर फुटला.

"त्यांना इशारा कळला," चालक म्हणाला. "आणि त्यांनी तो ऐकला."

मग तो स्वतःबद्दल बोलला. 9 जुलै 1956 च्या मोठ्या भूकंपात बेटावरची असंख्य घरे पडली, त्याच्या आजोबांचेही त्यात गेले. 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा जमीन हलू लागली. दिवसरात्र शेकडो धक्के. शाळा बंद झाल्या, हजारो माणसे बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेली. त्याने म्हाताऱ्या आईला अथेन्सला नेले. मोठे काही घडले नाही, सगळे परत आले. "काहीजण हसले आम्हाला, उगाच पळालात म्हणून. हसू देत."

मागच्या सीटवरचे फुगलेले तोंड थोडे खाली आले होते.

व्लिहाडाची राख

दुसरा किनारा व्लिहाडा. इथे लहानसे मासेमारीचे बंदर आहे आणि त्याला लागून किनारा. वाळू राखाडी, पण नजर जाते ती मागच्या पांढुरक्या कड्यांकडे. हा दगड नाही, त्या महास्फोटाची दाबून बसलेली राख आणि प्युमिस. वाऱ्याने ती कोरून काढली आहे. कुठे खांब, कुठे कमानी, कुठे पडद्याच्या चुण्या. मऊ कड्याखाली इथेही बसू नये. आम्ही पाण्याजवळ बसलो. किनारा लांब आहे, जागा भरपूर.

प्युमिस म्हणजे आपल्याकडे टाच घासायला वापरतात तो हलका दगड. मुलीने एक तुकडा पाण्यात टाकला, तो तरंगला. चालकाने अब्बांना सांगितले की ही राख चुन्यात मिसळली की पाण्यातही घट्ट होणारा गिलावा होतो. म्हणून सुएझ कालवा खोदला जात असताना, 1860 च्या दशकात, सँटोरिनीहून ही राख जहाजे भरभरून तिकडच्या बांधकामाला गेली. त्या खाणकामातच राखेखालची जुनी घरे पहिल्यांदा लोकांच्या नजरेला पडली.

अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कितीदा गेलो त्या कालव्यातून. या बेटाची माती तिथे आहे हे कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी त्या कड्याला हात लावला, जसा घराच्या भिंतीला लावतात.

पेरिसा आणि कामारी

मग पेरिसा. काळी वाळू, मैलभर. पुढे तोच किनारा पेरिव्होलोस नावाने चालू राहतो. एका टोकाला मेसा वुनोचा उभा डोंगर. त्याच्या माथ्यावर प्राचीन थिरा शहराचे अवशेष आहेत आणि पलीकडे कामारी हा दुसरा काळा किनारा. दोघांत हवाई अंतर थोडे, पण डोंगर आडवा असल्याने गाडीला लांबून वळसा घ्यावा लागतो.

काळी वाळू ऊन शोषून घेते. साडेदहालाच ती अनवाणी पायांना चटका देत होती. अम्मींनी चप्पल काढली आणि लगेच घातली. पाणी स्वच्छ आणि थंड, पण किनारा पटकन खोल होतो आणि काही ठिकाणी पाण्याखाली सपाट निसरडे कातळ आहेत. मुलांना एकटे सोडू नये. आमचा मुलगा इथे मनसोक्त पोहला. लाल किनाऱ्याचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

अम्मी आणि घरातल्या बायका अंगभर कपड्यांत, डोक्यावर ओढणी घेऊन छत्रीखाली बसल्या. वळून पाहणारे कोणी नव्हते. शेजारच्या ग्रीक आजीने अम्मींना पिशवीतले अंजीर दिले. अम्मींनी तिला आपल्याकडचे काजू दिले. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती, तरी गप्पा अर्धा तास चालल्या.

अब्बांनी मूठभर काळी वाळू हातात घेतली. "मांडवी," ते म्हणाले. आपल्या मांडवीच्या वाळूतला काळा रंगही लाव्ह्याच्या दगडातूनच आला आहे. सह्याद्री हा थंड झालेल्या लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. पावसाने त्यातली जड, काळी खनिजे समुद्रावर आणली. फरक वयाचा. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला कालपरवाचा. मुलीला थोडी वाळू बाटलीत भरून न्यायची होती. अब्बांनी मूठ उघडून वाळू खाली सोडली. "जिथली तिथे राहू दे."

शेवटी कामारी. तिथल्या खानावळीत जेवलो. टोमॅटोची भजी इथली खासियत. पाणी कमी, म्हणून टोमॅटो लहान आणि चवीला दाट. फावा नावाचा पिवळ्या डाळीचा पदार्थ आला तेव्हा अम्मी म्हणाल्या, "हे तर आपलं घट्ट वरण!" सोबत भाजलेले मासे. मांसाचे पदार्थ आम्ही टाळले, तेल कशाचे, भजी वेगळी तळता का, हे आधी विचारून घेतले. कोणी वाईट वाटून घेतले नाही. एकच्या सुमारास हॉटेलवर परतलो, जुहर अदा केली आणि अब्बा गाढ झोपले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

घरची मोठी माणसे बरोबर असतील तर अर्ध्या दिवसात तीन किनारे पुरेत, चौथा दमवतो. सकाळी लवकर निघावे, दुपारचे ऊन कडक असते. पायात पक्की चप्पल, पाण्यात घालायला रबरी बूट, डोक्याला टोपी हवीच. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा जोराचा वारा असतो, तेव्हा दक्षिणेचे किनारे आडोशाला पडतात. कुठे थांबणार, किती वेळ थांबणार, हे गाडी ठरवतानाच बोलून घ्यावे. आणि पाटी वाचावी. तिच्या पलीकडे कितीही गर्दी असली तरी वाचावी.

गावी परतल्यावर पहिल्याच पावसात मुलगा मित्रांबरोबर रत्नदुर्गाकडे फिरायला गेला होता. संध्याकाळी आल्यावर सहज म्हणाला, "कड्याजवळ नाही गेलो. वरून माती सुटत होती." आम्ही काही बोललो नाही. अब्बांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढून त्याच्याकडे पाहिले आणि चहा टाकायला सांगितला.