परक्या भाषेत हसवणारा माणूस

परक्या मुलखात जाऊन सुतारकाम करता येते. रंधा तेथेही लाकडावर तसाच चालतो. पण ज्याचे हत्यारच भाषा, त्याने काय करावे? त्यातही विनोद! गंभीर बोलताना चार चुका झाल्या तर ऐकणारा सांभाळून घेतो. विनोदात एक शब्द मागेपुढे झाला की सारा डाव बसला. म्हणून याकोव्ह स्मर्नॉफची हकीकत आपल्यापुढे मांडावी असे आम्हांला वाटले.

त्याचा धंदा स्टँड-अप कॉमेडीचा. आपल्याकडील एकपात्री प्रयोगात नट अनेक पात्रे उभी करतो. येथे मात्र एक माणूस, एक मायक्रोफोन आणि आपलीच कर्मकथा सांगत असल्याचा थाट, एवढेच भांडवल. कीर्तनातून पेटी, झांजा आणि देव काढून घेतले तर जे उरेल, त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार.

याकोव्हचे मूळ आडनाव पोखिस. 1951 साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. काळ्या समुद्रावरचे हे बंदर थट्टेखोर माणसांबद्दल प्रसिद्ध; 1973 पासून तेथे 1 एप्रिलला विनोदाचा उत्सवच भरू लागला. याकोव्ह चित्रकला शिकवी आणि प्रवासी जहाजांवर लोकांना हसवी. मात्र काय बोलायचे ते आधी सरकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागे, आणि मंजुरीनंतर पदरचे काही घालण्याची सोय नसे, असे तो सांगतो. परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता धाडणाऱ्या आपल्या नाटकवाल्यांना हे अगदीच परके वाटू नये! पण आपल्याकडे मंडळाशी भांडता येते. तेथे भांडणाऱ्याचे काय होई, हे सर्वांना ठाऊक होते.

त्या दशकात सोविएत सरकार काही ज्यूंना देश सोडू देत होते. 1977 साली याकोव्ह आईवडिलांसह न्यूयॉर्कला उतरला. इंग्रजी जवळजवळ नाहीच. कॅट्स्किल डोंगरातल्या एका हॉटेलात त्याने पडेल ते काम केले. पुढे दारूच्या गुत्त्यामागे उभा राहिला. ‘पोखिस’ अमेरिकन जिभेला वळेना, तेव्हा त्याने व्होडकाच्या बाटलीवरचे ‘स्मर्नॉफ’ हे नाव उचलले. नाव कोठून घ्यावे याला काही शास्त्र नाही. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहिले म्हणजे झाले.

पुढे लॉस एंजेलिसला ‘कॉमेडी स्टोअर’ या विनोदवाल्यांच्या अड्ड्यावर तो उभा राहू लागला. आता भाषेचे काय केले? येथे त्याची खरी हुशारी दिसते. जी उणीव लपवावी, तीच त्याने पुढे केली. त्याचा एक गाजलेला किस्सा पाहा. नवा आलेला माणूस दुकानात शिरतो. दुधाची पावडर दिसते, पाणी घातले की दूध. संत्र्याच्या रसाची पावडर दिसते, पाणी घातले की रस. मग दिसते बेबी पावडर! आणि काय हा देश म्हणून तो थक्क होतो. अज्ञान पाहुण्याचे, पण हसे होते ते यजमानाच्या भरल्या दुकानाचे.

त्याची दुसरी युक्ती शब्द उलटा करण्याची. अमेरिकेत तुम्ही पार्टी शोधता, रशियात पार्टी तुम्हांला शोधून काढते. पहिली पार्टी मेजवानीची, दुसरी कम्युनिस्ट पक्षाची. एका वाक्यात दोन राज्यपद्धती बसल्या. ही युक्ती त्याच्या आधीच्या विनोदकारांनीही वापरली होती. पण घरावरची टकटक ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडी ती वेगळी लागते.

रेगन यांच्या कारकिर्दीत त्याचे बरे चालले. 1984 साली ‘मॉस्को ऑन द हडसन’ या चित्रपटात तो दिसला. 1986 साली ‘व्हॉट अ कंट्री!’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. ती मूळच्या ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवर बेतलेली. दूरदर्शनवर आपण पाहिलेली ‘जबान सँभालके’ त्याच घराण्यातली. त्याच वर्षी जुलैत, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीला, तो अमेरिकेचा नागरिक झाला. रेगन यांना सोविएत विनोद जमवण्याचा नाद होता. 1988 साली व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत हसवण्याचा मान स्मर्नॉफला मिळाला.

आणि 1991 च्या डिसेंबरात सोविएत संघ मोडला. ज्या राजवटीपासून तो पळाला, ती गेली याचा आनंद त्याला नक्की झाला असेल. पण तिच्याबरोबर त्याच्या वाक्याचा अर्धा भागही गेला. ज्याची भीती नाही, त्याची थट्टा कोण विकत घेणार? नुकत्याच उतरलेल्या पाहुण्याची भूमिका चौदा वर्षांनंतर किती दिवस वठवायची, हाही प्रश्न होताच.

त्याने मुक्काम हलवला. मिसूरी राज्यात ब्रॅन्सन नावाचे लहानसे गाव आहे. सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी तेथे नाटकगृहांची रांगच लागलेली आहे. 1993 पासून तो तेथे खेळ करू लागला आणि पुढे 2015 पर्यंत स्वतःचे नाट्यगृह चालवले. मोठ्या शहरांतल्या टीकाकारांनी अशा गावाला नाके मुरडावीत हे ओघानेच आले. आम्हांला मात्र वीस वर्षे नेमाने प्रेक्षक आणणे हे अवघड काम वाटते. विषयही बदलला. देशादेशांतली तफावत मागे पडून स्त्रीपुरुषांमधली तफावत पुढे आली. संसारातले हसू का आटते, हे समजून घ्यायला तो मानसशास्त्राकडे वळला; 2006 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि 2019 साली पेपरडाइन विद्यापीठाची डॉक्टरेट त्याने मिळवली.

जन्मभर अमेरिकनांनी त्याला ‘रशियन’ म्हणून टाळ्या दिल्या. त्याचे ओडेसा 1991 पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे, आणि 2022 साली त्या बंदरावर रशियन क्षेपणास्त्रे पडू लागली.